घरजावई झाडं

लुकेती म्हातारी गेली ती नगालीच्या फळांचा हंगाम आटोपल्यावर. जन्मभर शहाणी होती, मरतानाही शहाणपण सोडलं नाही. हंगामाच्या तोंडावर गेली असती तर तिच्या एकुलत्या एका लेकीला, कटूराला, महिन्याभरात गोळ्याचं जेवण घालावं लागलं असतं. आता चांगलं वर्ष हाताशी आलं.

आमच्या वेरुकानात आईची झाडं लेकीला जातात, पण आपोआप जात नाहीत. आईच्या मागून जो पहिला हंगाम येईल त्यात तिच्याच झाडांच्या नगाल्या वेचायच्या, दगडावर फोडायच्या, आतला बदामासारखा दाणा चुलीवर धुरवायचा आणि भाजलेल्या अळकुड्यांबरोबर कुटायचा. तो गोळा पानात गुंडाळून तापल्या दगडांत भाजायचा आणि साऱ्या कुळाला खाऊ घालायचा. मामानं पहिला घास घेऊन बोटं चाटली की झाडं लेकीची, आणि झाडांखालचा डोंगरही तिचाच. गोळा झाला नाही किंवा मामानं बोटं चाटली नाहीत, तर सगळं मामाच्या घराकडं परत. लुकेतीची झाडं होती तो होपेती डोंगराचा अख्खा उतार असा एका घासावर लटकलेला होता.

आणि जबुलून मामाचा त्या उतारावर पहिल्यापासून डोळा. गावाला ते ठाऊक होतं, आणि त्यालाही लपवायची गरज वाटत नव्हती. बहिणीला मूठमाती देऊन परत येतानाच तो कटूराला म्हणाला, "पोरी, गोळा मऊ कर बरं का. माझे दात गेलेत. घशाला लागला तर डोंगर माझा."

"दात गेले तरी जीभ शाबूत हाय की मामा," कटूरा म्हणाली. ती रडत होती, तरी तिनं उत्तर दिलं. मी मागंच चालत होतो. मला त्या बाईचं कौतुक वाटलं.

म्हातारी अंथरुणावर असतानाच कंपनी आली होती, लाकूड तोडायला. देवळाच्या आवारात सभा झाली. खोटं कशाला बोलू, मीही हात वर केला. शाळेला पत्रे मिळणार होते, दवाखान्याला टाकी मिळणार होती. आमची अट एकच होती, नगालीला हात लावायचा नाही. मुकादम हो म्हणाला. त्यानं प्रत्येक घराला लाल रंगाचा एकेक डबा दिला आणि बजावलं, "आपापल्या झाडांना पट्टा मारा. बुडाशी टरफलं दिसली पाहिजेत. टरफल नाही तर पट्टा नाही. फुकटची झाडं अडवून ठेवायची नाहीत."

कटूराच्या घरचा डबा घेऊन तिचा नवरा ओबेद वर गेला. मीही सोबत होतो, माझ्या बायकोची चार झाडं पलीकडच्या घळीत होती.

नगालीत अशी काही झाडं निघतात की जन्मभर फुलतात आणि एकही फळ धरत नाहीत. त्यांना आमच्याकडं घरजावई म्हणतात. जागा खातात, ऊन खातात, देत काही नाहीत. गावाजवळ लावलेल्या झाडांत असा कुणी निघाला की लोक त्याचं सरपण करतात. होपेतीवरचे मात्र पारव्यांनी पेरलेले होते, जुने, दोघांच्या कवेत न मावणारे. ओबेद स्वतः पलीकडच्या बेटावरून येऊन सासूच्या घरी राहिलेला, त्यामुळं गावाला आयतीच थट्टा सापडली होती. "काय ओबेद, तुझे भाऊबंद यंदाबी रिकामेच का?" असं त्याला दर हंगामाला कुणीतरी विचारायचंच. तो हसायचा. पंधरा वर्षं हसत होता बिचारा.

त्या दिवशी त्यानं एकोणीस झाडांना पट्टे मारले. सात घरजावई राहिले. बुडाशी टरफल नव्हतं.

"यांचं काय?" मी विचारलं.

"जाऊ देत," ओबेद ब्रश झटकत म्हणाला. "तेवढीच माझी भावकी कमी झाली. आता कोण मला हसतंय बघतो."

आम्ही दोघंही हसलो. माझ्या घळीत दोन घरजावई होते, ते मीही सोडले. घरी आल्यावर म्हातारीनं चटईवरूनच विचारलं, "सगळ्यांना लावलास ना रे रंग?"

"सगळ्यांना, आई."

"एकबी सोडलं नाय?"

"एकबी नाय."

म्हातारी पाय चोळून घेत होती. पाय चोळायला कटूरा बसली होती.

महिन्याभरात साती झाडं साखळदंडानं ओढत समुद्राकडं गेली. ती ज्या वाटेनं गेली तिथं अजून काही उगवलेलं नाही, लाल चिखल नुसता. नगालीच्या एकोणीस झाडांभोवतीचंही सगळं गेलं. वड-पिंपरणीच्या जातीची झाडं गेली, वेल गेले, कुजकी खोडं गेली. एकोणीस झाडं तेवढी पट्टे मिरवत उभी राहिली. कंपनीनं शब्द पाळला असंच आम्ही म्हणत होतो.

मार्चात झाडांना असा बहर आला की म्हातारी असती तर तिनं दृष्ट काढली असती. पांढुरक्या तुऱ्यांनी फांद्या वाकल्या. कटूरा रोज सकाळी वर जाऊन बघून यायची आणि दुपारी अंगणात बसून टोपल्या विणायची. दहा विणल्या, मग बारा. माझ्या बायकोनं विचारलं, "एवढ्या कशाला गं?" तर म्हणाली, "मामाला पोटभर घालीन. ढेकर देऊन डोंगर सोडला पायजे त्यानं."

तुरे झडले. दरवर्षी झडतात तसेच झडले. फरक एवढाच की देठाशी जो हिरवा मणी राहायला हवा तो राहिला नाही. कटूरा मान वर करकरून बघायची, मानेला उसण भरली. ओबेद म्हणाला, "पानाआड असतील, खालनं दिसत नसतील." ती म्हणाली, "मग वर चढ." तो चढला. कमरेला दोर, पायात वेलाचं कडं, आणि आता झाडाभोवती दुसरं झाड नसल्यामुळं सगळं ऊन पाठीवर. तांबड्या मुंग्यांनी त्याच्या काखा सुजवल्या. चार झाडं चढून उतरला, आणि पाचव्याच्या बुडाशी बसून राहिला.

"हायेत का?" कटूरानं विचारलं.

"थोडी हायेत."

"थोडी म्हणजे?"

"दोन्ही हातांच्या बोटांवर मोजावी एवढी."

जुलैत पारवे यायचे. आमचे पारवे मोठे, कोंबडीएवढे. फळ अख्खं गिळतात, वरचा गर पचवतात आणि कवचाची बी बसल्या जागी टाकतात. ते जिथं वस्तीला बसत तिथं पहाटे बायका टोपल्या घेऊन जात, आयती सोललेली नगाली मिळे. जी बायकांच्या हाती लागत नसे ती रुजे. यंदा पारव्यांचा थवा आला, होपेतीवर दोन फेऱ्या मारल्या, एका झाडावर जेमतेम टेकला आणि उडाला. परत आला नाही. धनेशाची जोडी तर गेल्या वर्षीच दिसेनाशी झाली होती, ढोलीचं झाड गेलं तेव्हापासून. आले ते पांढरे काकाकुवे. त्यांना रानात दुसरं फळ उरलं नव्हतं, म्हणून ज्या चार-दोन नगाल्या धरल्या होत्या त्यांच्यावर त्यांची धाड पडली. ते कच्चंच तोडतात, चावतात आणि टाकून देतात.

ओबेदनं आठ दिवस झाडाखाली बसून काकाकुवे हाकलले. पत्र्याचा डबा बडवायचा, ओरडायचा. घसा बसला तेव्हा नुसता डबा बडवायचा. गावात मुलं म्हणायची, ओबेदकाकाच्या भावकीचं लग्न लागलंय, वाजंत्री चाललीय. मोठ्यांना हसू आवरत नसे. मलाही आवरलं नाही, हे सांगायला लाज वाटते.

ऑगस्टात वेचणी झाली. एरवी त्या उतारावर दोघांना पंधरा दिवस लागायचे. यंदा पहिल्या दिवशीच दुपारी काम संपलं. तरी कटूरा रोज जायची. वाकून, गुडघ्यावर बसून, चिखलात बोटं घालून चाचपायची. एकोणिसाव्या झाडापर्यंत गेली की पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. तिच्या नखांत लाल माती बसली ती धुऊनही जाईना. बारा टोपल्यांतली एक भरली नाही. अर्धी झाली, तीही किडक्यांसकट.

तिसऱ्या दिवशी जबुलून मामा काठी टेकत वर आला. आम्ही तिघं होतो, मी माझ्या घळीतून रिकामाच परतत होतो. मामानं टोपलीत डोकावून बघितलं. मग वर बघितलं, मग इकडंतिकडं.

"घरजावई कुठं गेले?" त्यानं विचारलं.

"कंपनीनं नेले," ओबेद म्हणाला. "टरफल नव्हतं बुडाशी."

"सगळे?"

"सातीच्या साती."

मामा एका ओंडक्यावर बसला. सुपारीची पिशवी काढली, चुना बोटावर घेतला, आणि मग तोंडात न घालताच म्हणाला, "अरे येड्या, ती बाप्ये झाडं होती. यांचे नवरे. त्यांच्या फुलावरनं माशी उठती ती यांच्या फुलावर बसती, तवा दाणा धरतो. बाप्याबिगर बाई काय एकटी पोर काढंल होय?"

खाली कुठंतरी ओढ्याचं गढूळ पाणी वाहत होतं तेवढं ऐकू येत होतं.

"तुम्हाला ठाऊक होतं?" कटूरानं विचारलं.

"माझ्या आईनं सांगितलेलं, लहानपणी. तुझ्या आईलाबी सांगितलेलं. झाडं तिची, रंग तुमचा. मी कशाला मधी तोंड घालू? मला वाटलं ती सांगंल."

"आईनं विचारलेलं," कटूरा म्हणाली. ती मामाशी बोलत होती पण बघत होती ओबेदकडं. "सगळ्यांना लावलास का म्हणून विचारलेलं. दोनदा. मी पाय चोळत होते."

ओबेदनं मान खाली घातली. "मला वाटलं, म्हातारीचं आपलं उगाच," एवढंच तो म्हणाला.

मग माणूस बुडताना जसं काहीही धरायला बघतो तसं त्यानं विचारलं, "मामा, नवे लावू या. रोपं लावली तर?"

"लाव की. बी कुठून आणशील? आणलंस तर दहा वर्षांनी फुलंल, तवा कळंल बाई हाय का बाप्या. आणि माशी कुठून आणशील? ती कुजक्या खोडात राहायची, रानात. रान कुठाय?" मामानं शेवटी सुपारी तोंडात टाकली. त्याच्या आवाजात आनंद नव्हता. तेव्हा ते माझ्या ध्यानात आलं नाही.

त्यानंतर दोन दिवस कटूरा नवऱ्याशी बोलली नाही. आमच्या भिंती पानाच्या, शेजारच्या घरातली शांतताही ऐकू येते. तिसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "डुकरीण होडीत घाल."

"गाभण हाय ती."

"म्हणूनच. तुझ्या बेटावर जा. तिथं अजून तोड झाली नाय. तिच्या बदल्यात मिळतील तेवढ्या टोपल्या नगाली आण. आणि एनोसभावजींना संगं घे, तू एकटा गेलास तर तिथंबी कुणाला तरी 'सगळ्यांना' म्हणून थाप मारून येशील."

एनोस म्हणजे मी. आईच्याच झाडांची नगाली लागते हे तिलाही ठाऊक होतं, मलाही. तरी मी होडी वल्हवली.

ओबेदचं माहेर म्हणावं का काय म्हणावं, त्या गावात आम्हाला पाणी दिलं, मासे खाऊ घातले, आणि मग त्याच्या चुलतभावानं डुकरिणीचे पाय बांधता बांधता विचारलं, "होपेतीच्या डोंगराची माणसं नगाली मागायला आली? उद्या समुद्र आमच्याकडं मीठ मागायला येईल."

सगळे हसले. ओबेदही हसला. त्याला हसायची सवयच होती. परतताना मात्र तो वल्हं मांडीवर ठेवून नुसता बसून राहिला. त्याच्या पाठीवर उन्हाचे फोड होते, त्यांवर खारं पाणी उडत होतं, तरी त्यानं ते पुसलं नाही.

सहा टोपल्या मिळाल्या. कटूरानं त्यांत आपली अर्धी टोपली मिसळली. मग फोडणी सुरू झाली. खळगा पडलेल्या दगडावर नगाली उभी धरायची आणि दुसऱ्या दगडानं एकच घाव घालायचा, बेतानं, नाहीतर दाण्याचा चुरा होतो. चार दिवस तिच्या अंगणातून तो ठकठक आवाज येत होता. माझी बायको मदतीला गेली. येऊन म्हणाली, "दाणा बारका हाय, पांढरट. होपेतीचा लांबट असतो, तेलकट. आंधळ्यालाबी कळंल." मी म्हणालो, "तू गप्प बस." ती म्हणाली, "मी गप्पच हाय. गोळा गप्प बसंल का?"

जेवणाच्या दिवशी सगळं कूळ जमलं. कटूरा पहाटेपासून कुटत होती. मुसळ उचलताना तिचे दंड थरथरत होते, पण ते दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायला ती तयार नव्हती. ओबेदनं दगड तापवले, पानं शेकली, डोळे धुरानं लाल करून घेतले. दुपारी तीन मोठ्या लाकडी पराती भरून गोळा बाहेर आला. वरून नारळाचं दूध ओतलं. दिसायला झकास दिसत होता.

कटूरानं पहिली परात मामापुढं ठेवली आणि समोरच बसली, पाय दुमडून. तिनं काय काय तयारी केली होती ते मला ठाऊक होतं. मामा म्हणाला की दाणा आपला नाही, तर ती म्हणणार होती की आपलाही आहे, अर्धी टोपली आहे, देवाशपथ. तो म्हणाला की रीत मोडली, तर ती म्हणणार होती की रीत तुम्ही मोडली, ठाऊक असून तोंड दाबून बसलात. पुढचंही सगळं पाठ होतं तिला. पदरचं एकही उत्तर ती शिल्लक ठेवणार नव्हती.

मामानं घास घेतला. बोळक्या तोंडात तो बराच वेळ घोळवला. सगळं कूळ त्याच्या गळ्याकडं बघत होतं. त्यानं गिळला. मग एकेक करून तिन्ही बोटं चाटली, नीट, घाई न करता.

लोक जेवायला बसले. गलका झाला, पोरं परातींवर तुटून पडली. कटूरा हलली नाही. मामाही हलला नाही. मी जवळच होतो म्हणून ऐकलं.

"दाणा तिकडचा हाय," तो हळूच म्हणाला.

"मग बोटं का चाटलीत?" तिचा आवाज चढला. "बोला की सगळ्यांसमोर! मी तयार हाय."

"काय बोलू?"

"डोंगर मागा. इतकी वर्षं मागत होता ना?"

मामानं डोकं हलवलं. "काल मी वर जाऊन आलो. एकोणीसची एकोणीस बघितली. कुणाच्या बुडाशी एक रोप नाय. पारव्याची शीट नाय, टरफल नाय. कान देऊन बसलो तर पान हलल्याचा आवाज, दुसरा नाय. म्हातारी झाडं हायेत ती, आणखी वीसेक वर्षं उभी राहतील, फुलतील, मग पडतील. असला डोंगर घेऊन मी करू काय?" त्यानं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "राहू दे तुलाच."

कटूरा त्याच्याकडं बघत राहिली. मला वाटलं आता तिचा जीव भांड्यात पडेल. पण तिचा चेहरा असा झाला की मी तो तिच्या आईला पुरलं तेव्हाही बघितला नव्हता. तिनं मामाचा तो हात दोन्ही हातांनी धरला आणि हलवायला लागली, लहान पोर हट्ट करताना हलवतं तसा.

"असं नका करू मामा," ती म्हणाली. "भांडा ना. भांडा की माझ्याशी!"

"भांडलो असतो गं," मामा म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "काही असतं तर भांडलोच असतो."

मग त्यानं हात सोडवून घेतला, काठी शोधली आणि घरी निघून गेला. ओबेद पराती धुवायला समुद्रावर घेऊन गेला. होपेतीचा उतार त्या दिवसापासून रीतसर कटूराचा झाला, आणि त्यावर हक्क सांगायला आजवर कुणीही आलेलं नाही.